कुलूप वर्षातून किती वेळा उघडतं?

पुण्यात दिवाळीनंतर आणि मे महिन्याच्या तोंडावर एक वाद हमखास रंगतो. गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर, खिशाला परवडेल असं सुट्टीचं घर घ्यावं की घेऊ नये? सोसायटीच्या बाकावर, ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की दोन्ही बाजूंची वाक्यं मला पाठ झाली आहेत. एक बाजू म्हणते, जमिनीत घातलेला पैसा कधी बुडत नाही; आज मुळशीत दहा गुंठे घेऊन ठेवा, दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघेल. दुसरी म्हणते, कशाला तो पांढरा हत्ती पोसायचा. वर्षातून चारदा चांगल्या रिसॉर्टला जा, बिल भरा, मोकळे व्हा. पहिल्यांच्या डोक्यात विक्रीचा भाव असतो, दुसऱ्यांच्या डोक्यात एका रात्रीचं भाडं. त्या घरात राहण्याबद्दल दोघंही बोलत नाहीत, आणि ज्या गावात ते घर उभं राहणार त्या गावाचं तर नावही निघत नाही. माझ्या मते हा वादच चुकीच्या मापाने चालला आहे. ज्या घराचं कुलूप वारंवार उघडतं तेच घर परवडतं, मग त्याची किंमत काहीही असो. बंद घर मालकाला महाग पडतं आणि गावालाही. म्हणून जागा बघताना आधी अंतर, पाणी आणि शेजार बघावा, भावाचं नंतर बोलावं. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तर डोंगरावर नवं बांधण्याच्या फंदात न पडता गावात उभं असलेलं एखादं जुनं घर भाड्याने घ्यावं.

सुट्टीच्या घराची हौस पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या तळ्याकाठी हिराबाग उभारली तेव्हा ती शहराबाहेरची जागा होती. आज टिळक रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या माणसाला हे सांगून खरं वाटायचं नाही. नाना फडणवीसांनी वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी वाडा आणि घाट बांधला. पुढे इंग्रजांच्या अमलात, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसलं. मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला तर पुणंच लागायचं. गणेशखिंडीतल्या ज्या इमारतीत आज विद्यापीठ आहे ती त्याच्याच मुक्कामासाठी १८६० च्या दशकात बांधायला घेतली, आणि खर्च इतका वाढला की थेट ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर टीका झाली. पण ही सगळी माणसं मुक्कामाला जात. जायला दोन दिवस लागले तरी बिघडत नसे, कारण पुढे दोन-तीन महिने तिथेच काढायचे असत. घर हवेशीर राही, चुली पेटत्या राहत, नोकरचाकर आणि बाजार त्या घराभोवती जगत. आपल्या हाती काय आहे? शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ. घराची कल्पना आपण त्यांच्याकडून उचलली, सवड मात्र आपल्याकडे तीस तासांची आहे. या तीस तासांतले दहा रस्त्यावर गेले तर उरलं काय?

गुंतवणूकवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्या मामांनी १९८६ साली बाणेरला, तेव्हाच्या खेड्यात, 'रविवारची जागा' म्हणून एक तुकडा घेतला होता. आम्ही मुलं तिथे हुरडा खायला जायचो. १९९७ साली बाणेर महापालिकेत आलं आणि पुढच्या दहा वर्षांत त्या तुकड्याची किंमत मामांच्या उभ्या आयुष्यातल्या पगारापेक्षा जास्त झाली. हे घडलं आहे, पाषाणला घडलं, बावधनला घडलं, आणि ज्यांना हा लाभ झाला त्यांनी तो कष्टाच्या पैशातूनच मिळवला. पण मामांची रविवारची जागा मात्र गेली. हुरड्याच्या शेताच्या जागी आता अकरा मजले आहेत. जमिनीचा भाव वाढतो तो शहर तिथवर पोहोचतं म्हणून, आणि शहर पोहोचलं की ज्यासाठी तिथे जायचं ते संपतं. शांतता आणि भाववाढ या दोन्ही एकाच सातबाऱ्यावर मागणं म्हणजे स्वतःशीच भांडण मांडणं आहे. शिवाय मामांची गोष्ट सांगणारे भेटतात, कारण फायदा झालेला माणूस सांगत सुटतो. वरसगाव धरणाच्या काठी डोंगरात वसवलेल्या लवासा या खासगी शहराचं काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलं. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. निवृत्तीची पुंजी घालून तिथे घर घेतलेली माणसं पंगतीत ही गोष्ट सांगत नाहीत. आणि पुरंदरच्या विमानतळासाठी ज्या सात गावांची जमीन जाणार आहे तिथेही कुणीतरी आंब्याची चार झाडं लावून, जोत्याचं काम करून ठेवलेलं असणारच. भाव वाढेल या आशेवर घ्यायचंच असेल तर ते जरूर घ्यावं, पण त्याला सुट्टीचं घर म्हणू नये, आणि मुलांना आजोळासारखं काहीतरी देतोय असं स्वतःला सांगू नये.

रिसॉर्टवाल्यांचा मुद्दा याहून भक्कम आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. साधा हिशेब मांडू. पन्नास लाखांचं घर, त्यात चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. महिना हप्ता चौतीस हजार सातशेच्या आसपास बसतो. पहिल्या वर्षात त्यातलं नुसतं व्याजच तीन लाख सदतीस हजारांच्या घरात जातं. मुद्दल आपल्याच मालमत्तेत जाते म्हणून ती सोडून देऊ. राखणदाराला महिना सहा हजार धरले तर वर्षाचे बहात्तर हजार. वीजबिल, घरपट्टी, गळती, रंग, बोअरची मोटर यांचे किमान पन्नास हजार. वर्षाला झाले साधारण चार लाख साठ हजार. बहुतेक कुटुंबं सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर महिन्यातून एकदा दोन रात्री जातात, म्हणजे चोवीस रात्री. एका रात्रीला एकोणीस हजार रुपये पडले, आणि चादरी आपणच धुवायच्या. एवढ्यात महाबळेश्वरला उत्तम खोली मिळते, सकाळचा नाश्ता आयता मिळतो आणि गळक्या छपराची काळजी दुसऱ्याला असते. हा हिशेब बिनचूक आहे.

पण त्यात खाली कोणता आकडा धरला आहे ते बघा. चोवीस. तोच साठ केला तर रात्रीचा खर्च साडेसात हजारांवर येतो. घराची किंमत कमी करण्यासाठी आपण तीन-तीन महिने घासाघीस करतो, दोन लाख सुटले की पेढे वाटतो, आणि हा खालचा आकडा कशाने वाढेल याचा विचार दहा मिनिटंही करत नाही. माझ्या अनुभवात तो एकाच गोष्टीने वाढतो: घरातून निघाल्यापासून तिथल्या अंगणात गाडी लावेपर्यंत लागणारा वेळ. नकाशावरचे किलोमीटर इथे कामाचे नाहीत. लोणावळा साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, पण जुलैतल्या शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर जो अडकला आहे त्याला ते अंतर विचारा. दापोलीला जायला घाट उतरून पाच तास, कधी सहा. वरंध घाट पावसाळ्यात बहुतेक वर्षी बंद ठेवावा लागतो, मग ताम्हिणीने वळसा. ज्यांनी दापोली-गुहागरला घरं घेतली अशा तीन कुटुंबांना मी जवळून ओळखते. पहिल्या वर्षी तिघंही आठ-नऊ वेळा गेले. चौथ्या वर्षी गणपतीला एकदा आणि मे महिन्यात एकदा. घर छान, समुद्र छान, माणसंही हौशी. पण शुक्रवारी रात्री साडेआठला ऑफिसातून आलेला माणूस पाच तास गाडी चालवायचं मनावर घेत नाही, आणि त्याने घेऊही नये. दीड, फार तर पावणेदोन तास, एवढ्या अंतरावर असेल तर तो जेवूनसुद्धा निघतो. पिशवी भरायला लागत नाही, कारण कपडे तिथेच असतात. मुलाची सोमवारी परीक्षा असेल तरी शनिवारचा दिवस जाऊन येता येतं. ज्या दिवशी ठरवावं लागत नाही, त्या दिवसापासून ते घर आपलं व्हायला लागतं.

आणि रिसॉर्ट एक गोष्ट देऊ शकत नाही, मग कितीही पैसे मोजा. तेच झाड. आपण मार्चमध्ये बघितलेला पांगारा जूनमध्ये कसा दिसतो, विहिरीचं पाणी संक्रांतीला कोणत्या पायरीवर होतं आणि आता कुठे गेलंय, समोरच्या घरातली गाय व्यायली का, हे ज्या मुलाला माहीत असतं त्याला निसर्ग वेगळा शिकवावा लागत नाही. शहरातल्या मुलांना 'गावाला जाणं' म्हणजे काय हे माझ्या पिढीपर्यंत आपोआप कळायचं, कारण आजोळ असायचं. ज्यांचं गाव सुटलं, ज्यांची शेती तीन पिढ्यांपूर्वीच विकली गेली, त्यांच्या या इच्छेला मी चैन म्हणणार नाही. ती भूक आहे आणि खरी आहे. म्हणूनच ती नीट भागावी असं मला वाटतं.

कारण नीट भागली नाही की काय होतं ते मी पाहिलंय. पानशेतच्या जलाशयाकाठी एका परिचितांचा टुमदार बंगला आहे. एका वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासोबत मी तो उघडायला गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर त्याचं दार उघडलं गेलं नव्हतं. कुलपात किल्ली फिरेना. शेवटी खोबरेल तेल घालून, दहा मिनिटं थांबून ते उघडलं. आत पाऊल टाकताच ओल्या पोत्यासारखा वास आला. गाद्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली होती, हात लावला की तिची पूड बोटांना लागायची. प्लायवुडच्या कपाटाला बाहेरून काही झालेलं नव्हतं, पण दार ओढलं तर बिजागरीसकट हातात आलं. आतून वाळवीने पोखरून कागदासारखं केलं होतं. फ्रीजच्या मागे उंदराचं घरटं, त्यात मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाच्या चिंध्या. वहिनी खुर्चीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. त्या रविवारी कुणी तळं बघायलाही गेलं नाही. दिवसभर धुणं, पुसणं आणि जाळणं चाललं होतं. सह्याद्रीच्या कडेला चार महिने घर बंद ठेवलं तर हेच होणार, त्यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. अशा पावसात घर टिकतं ते चूल आणि वावर यांच्या उबेने. जुन्या माणसांनी दुमजली घराच्या खालच्या अंगाला गोठा ठेवला, आढ्यापर्यंत धूर जाऊ दिला, त्यामागे हेच शहाणपण होतं. सिमेंटच्या पेटीला कुलूप लावून आपण निघून येतो आणि मग पावसाला बोल लावतो.

आता स्वस्ताईबद्दल. 'पुण्यापासून एक तास, फक्त सात लाखांत गुंठा' अशी पाटी दिसली की आधी हा प्रश्न पडला पाहिजे: एवढं स्वस्त का? माझ्या नवऱ्याने आणि मी दोन वर्षं रविवार घालवून जागा पाहिल्या, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. पुष्कळदा जमीन शेतीचीच असते, आणि कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला ती घेता येत नाही. एजंट म्हणतो, शेतकरी असल्याच्या दाखल्याचं आम्ही बघतो. त्यावर विसंबून व्यवहार करणं म्हणजे आयुष्यभराची टांगती तलवार स्वतःच्या हाताने बांधून घेणं. काही ठिकाणी जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असते, वतनाची किंवा धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली. सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'च्या रकान्यात तसा शेरा असतो, पण तो रकाना कुणी वाचून दाखवत नाही. काही ठिकाणी एका गटात वीस-पंचवीस जणांची नावं सामाईक लावलेली असतात. कागदावर तुम्ही एकवीस गुंठ्यांतल्या एका अविभक्त हिश्शाचे मालक, आणि प्रत्यक्षात चुन्याची फक्की मारून दाखवलेला चौकोन तुमचा. मोजणी नाही, हद्दीचे दगड नाहीत, वहिवाटीचा रस्ता शेजारच्याच्या बांधावरून. भावकीतल्या एका बहिणीने हक्कसोड दिलेली नसली तरी तो चौकोन कोर्टात जातो. जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्याला आळा घालणाऱ्या तुकडेबंदीच्या नियमांत तर गेल्या काही वर्षांत इतके बदल झालेत की तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने कसा व्यवहार केला यावरून आपलं ठरवू नये. बिनशेती आदेश, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी, स्वतः वाचावा. आठहून अधिक प्लॉट पाडून मोठी जागा विकत असतील तर महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागावा, आणि मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघावं.

पाण्याची गोष्ट वेगळीच. आम्ही एक जागा डिसेंबरमध्ये पाहिली. ओढा खळखळत होता, डोंगर हिरवा, एजंटने विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजून दाखवली. आम्ही जवळजवळ टोकन देऊन येणार होतो. नवरा म्हणाला, एकदा उन्हाळ्यात बघू. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी, एजंटला न सांगता गेलो. विहिरीच्या तळाशी बादलीभर चिखल होता आणि रस्त्याकडेला निळे ड्रम रांगेने मांडलेले. ड्रमापाशी बसलेल्या आजींना विचारलं, "इथं पाणी कसं आहे, आजी?" त्या म्हणाल्या, "पानी? ते वरच्या बंगल्यावाल्यांनी बोअर मारल्यापासनं हिरीला नाय ऱ्हात, बाय. टँकर येतो तवा येतो." आम्ही तिथूनच परत फिरलो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यातही उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण उतारावरचं पाणी थांबत नाही, आणि जे खडकात थोडंफार मुरतं ते सहाशे फुटांच्या बोअरने पोहण्याच्या तलावात जातं.

इथे माझे गावाकडचे मित्र मला अडवतात, आणि त्यांचं ऐकायलाच हवं. ते म्हणतात, शहरातल्यांनी आमच्या डोंगरांची काळजी करू नये. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरईवर पोट भरत नाही. तिचे चार पैसे येत असतील तर ते शेतकऱ्याला का मिळू नयेत? बंगल्यांमुळे गवंडी, सुतार, माळी, स्वयंपाकीण यांना काम मिळतं. हे सगळं खरं आहे. जमीन विकण्याचा हक्क शेतकऱ्याचाच आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण याच मुळशीत शंभर वर्षांपूर्वी काय झालं? १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती झाले. भाताची खाचरं पाण्याखाली गेली ती मुंबईला वीज हवी म्हणून. मोबदल्याचे पैसे कुणाकडे किती दिवस टिकले हे त्या गावांत अजून सांगतात. वर डोंगराला जे सरकले, त्यांच्या पणतवंडांच्या हातून आता काठावरची जमीन जाते आहे, या वेळी शहराला विरंगुळा हवा म्हणून. मला या दोन गोष्टी एकसारख्या वाटत नाहीत. तेव्हा सक्ती होती, आज सौदा आहे. पण एकदाच येणारा पैसा आणि कायमची गेलेली जमीन, हा व्यवहाराचा आकार तोच आहे. आणि काम मिळतं म्हणाल तर बांधकाम चालू असेतो मिळतं. वर्षाचे तीनशे चाळीस दिवस बंद असणाऱ्या घराला ना भाजी लागते, ना दूध, ना शिंपी. अशी तीस घरं ज्या गावात झाली त्या गावात संध्याकाळी चढावर तीस काळोख्या खिडक्या असतात आणि खाली शाळेचा पट घटत असतो.

पर्यावरणवाद्यांचा एक गट म्हणतो की मग बांधूच नका, डोंगराला हातच लावू नका. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाट जपण्याबद्दल जे सांगितलं ते आपण ऐकलं नाही याचं मला दुःख आहे. डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं तो माळीणचा ३० जुलै २०१४ चा दिवस आणि तशीच इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची रात्र आठवली की उतारावर जेसीबी चालताना पाहवत नाही. ही दोन्ही गावं सुट्टीच्या घरांमुळे गेली असं मी म्हणत नाही, तसं नव्हतंच. पण ओल धरलेला डोंगर किती भरवशाचा असतो हे त्यांनी दाखवलं, आणि तरी आपण रस्त्यासाठी आणि 'व्ह्यू'साठी त्याचा पायथा कापतो. मात्र 'जाऊच नका' हे उत्तर मला पटत नाही. शहरातला माणूस डोंगराशी ओळख ठेवणार नसेल तर डोंगराच्या बाजूने बोलणार कोण? स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न २०१२ साली थेट मतदानाला टाकला गेला आणि लोकांनी कौल दिला की कुठल्याही गावात सुट्टीची घरं वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. त्यांनी घरांवर बंदी घातली नाही, प्रमाण ठरवलं. आपल्याकडे ग्रामसभेने असं प्रमाण ठरवावं, आणि बंद राहणाऱ्या घराला पाणीपट्टी व घरपट्टी चढ्या दराने लावावी, असं माझं ठाम मत आहे. त्याचा बोजा माझ्यासारख्यांवर पडेल, आणि पडावा.

तोवर आपल्या हाती काय आहे? गावठाणात उभी असलेली रिकामी घरं. मुळशी, भोर, राजगड, मावळ, पुरंदर, कुठल्याही गावात जा. मुलं हडपसरला नाहीतर चिंचवडला नोकरीला, म्हातारी त्यांच्यापाशी, आणि घराला कुलूप. दगडी जोतं, मातीच्या भेंड्यांच्या किंवा विटांच्या भिंती, वर कौलं किंवा पत्रा, पुढे ओटा. पाणी आणि वीज आधीपासून आहे, रस्ता दारापर्यंत आहे, डोंगर कापावा लागत नाही, आणि शेजारी माणसं राहतात. विकत घ्यायचं असेल तर गावठाणातल्या घराला शेतकरी असण्याची अट आड येत नाही. फक्त ग्रामपंचायतीचा आठचा उतारा म्हणजे मालकी नव्हे, ती कराची नोंद आहे, हे ध्यानात ठेवावं. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रिका देण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत आधी झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत तो देशभर गेला. ज्या गावात ही पत्रिका मिळाली आहे तिथे व्यवहार पुष्कळ सोपा होतो.

पण मी भाड्याचा आग्रह धरते. आम्ही भोरच्या पुढे, एका लहान गावात असंच एक तीन खणांचं घर भाड्याने घेतलं, त्याला आता पाच वर्षं होतील. कर्वेनगरहून नवले पूल, खेड-शिवापूर, कापूरहोळचं वळण, भोर, आणि पुढे धरणाच्या अंगाने, पावणेदोन तास. भाडं महिना पाच हजार. मालकांच्या परवानगीने कौलं शेकारली, संडास-न्हाणी नीट करून घेतली, वायरिंग बदललं. दीड लाख खर्च आला, तो पाच वर्षांवर टाकला तर वर्षाचे तीस हजार. शेजारच्या अक्का आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून झाडलोट करतात, त्यांना महिना दोन हजार. बिलं धरून वर्षाचा खर्च एक लाख तीस-पस्तीस हजारांपलीकडे जात नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी मुक्कामाच्या रात्रींना गोल करते. गेल्या वर्षी बासष्ट गोल झाले. रात्रीला दोन हजार शंभर-दोनशे रुपये. रिसॉर्टवाल्यांनी आता हिशेब मांडावा.

लोक म्हणतात, भाड्याच्या घरात जीव कसा गुंतवायचा? ज्या शहराने हा प्रश्न विचारू नये असं एखादं शहर असेल तर ते पुणं आहे. सदाशिव, नारायण, शनवारातल्या वाड्यांत तीन-तीन पिढ्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाढल्या. तिथेच मुंजी झाल्या, बाळंतपणं झाली, अंगणातल्या पारिजातकावर भाडेकरूंनी मालकाइतकीच माया केली. याच इतिहासाची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, वाडे पडायला आले आणि मालक हताश झाले. म्हणून गावातला माणूसही घर द्यायला कचरतो, भाडेकरू घर बळकावेल म्हणतो. त्याची भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय आहे तो लेखी आणि नोंदणीकृत करार. लिव्ह अँड लायसन्सचा करार आपल्याकडे नोंदवणं कायद्याने बंधनकारकच आहे. आमचे मालक चिंचवडला कारखान्यात काम करतात. करार वाचून झाल्यावर त्यांनी एकच अट घातली, की गौरी-गणपतीचे पाच दिवस घर त्यांचं. आम्ही ती आनंदाने लिहून घेतली. त्या पाच दिवसांत त्यांच्या चार भावंडांची मुलं त्या ओट्यावर झोपतात, आणि आम्ही गेल्या वर्षी लावलेल्या पंख्याचं कौतुक करतात.

घराच्या दोन किल्ल्या आहेत, एक आमच्याकडे आणि एक अक्कांकडे. त्यांचा नातू यंदा दहावीला आहे. त्यांच्या घरात टीव्ही, दोन लहान भावंडं आणि कायम पाहुणे. जूनमध्ये अक्का चाचरत म्हणाल्या, "ताई, पोरगं तुमच्या वट्यावर बसलं आभ्यासाला तर चालंल का? लाईटीचं बिल म्या दीन." बिलाचं बोलणं आम्ही होऊ दिलं नाही, आणि ओट्यावर कशाला, आतल्या खोलीत टेबल आहे, असं सांगितलं. आता आम्ही शनिवारी जातो तेव्हा दार उघडंच असतं. टेबलावर त्याची वही पालथी, खिडकीच्या चौकटीत ओला टॉवेल, आणि भर श्रावणातही भिंतीला हात लावला तर ती कोरडी लागते.